अहवाल आणि कथा

सुमारे अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर १८५५ साली सेवास्तोपोल रशियनांच्या हातून गेले, तेव्हा तोफखान्याच्या एका वरिष्ठाने आपल्या हाताखालील तरुण अधिकाऱ्यावर एक काम सोपविले. निरनिराळ्या बुरुजांवरील अधिकाऱ्यांकडून विसाहून अधिक अहवाल आले होते. त्या सर्वांचा मेळ घालून एकच अहवाल सिद्ध करावयाचा होता. तरुणाने ते काम पार पाडले. तेरा वर्षांनंतर, १८६८ साली, 'युद्ध आणि शांती' या आपल्या कादंबरीविषयी लिहिलेल्या एका लेखात त्याने ही आठवण नमूद केली आहे. त्या मूळ अहवालांच्या नकला आपण करून ठेवल्या नाहीत याची त्याला हळहळ वाटते. कारण वरिष्ठांच्या आज्ञेवरून, आपणांस जे कळणे शक्यच नव्हते तेही त्या बिचाऱ्या अधिकाऱ्यांनी कसे लिहिले, याचा तो एक उत्तम नमुना होता, असे तो सांगतो. हा अधिकारी म्हणजे लिओ टॉलस्टॉय.

लष्करी चाकरीतून आलेल्या रशियन कथावाङ्मयाविषयी विचार करू लागलो की आम्हांस प्रथम आठवतो तो हा प्रसंग. रणभूमीचा धूर, घोड्यांच्या टापा, जखमींचे विव्हळणे ही सारी सामग्री त्या वाङ्मयात आहेच. परंतु ती इतर देशांच्या वाङ्मयातही आहे, आणि ती मिळविण्यासाठी लेखकाने गणवेष चढविलाच पाहिजे असे नाही. अमेरिकेचा स्टीफन क्रेन याने 'द रेड बॅज ऑफ करेज' ही यादवी युद्धावरील विख्यात कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध केली, तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. मग चाकरीने रशियन लेखकांस असे काय दिले, की जे कल्पनाशक्तीला आपल्या बळावर मिळविता आले नसते? आमचे उत्तर असे, की अहवाल कसा तयार होतो याचे ज्ञान दिले. घडलेली गोष्ट आणि वर कळविलेली गोष्ट यांमध्ये जे अंतर पडते, ते त्यांनी आतून, स्वतःच्या हाताने पाडून पाहिले होते. त्यांची कथा त्या अंतरात जन्मली.

हे रशियातच इतक्या विपुलतेने का घडावे, याला त्या समाजाच्या रचनेत कारण सापडते. पीटर बादशहाने १७२२ साली चौदा श्रेणींची एक उतरंड घालून दिली. लष्करी आणि मुलकी चाकरीतील दर्जे तीत समांतर मांडलेले होते. सरदार कुळातील तरुणाने चाकरी करावी, हीच त्या काळाची रीत होऊन बसली. लिहिणारा वर्ग आणि अधिकारपदावर चढणारा वर्ग असे दोन निराळे वर्ग तेथे फारसे उरले नाहीत. लेर्मोन्तोव्ह हा सैन्यातील अधिकारी होता. दस्तयेव्हस्कीचे शिक्षण लष्करी अभियंत्याचे. पुढे सैबेरियातील कारावासानंतर तो सेमिपालातिन्स्क येथे साधा शिपाई म्हणूनही राबला. टॉलस्टॉय १८५१ साली थोरल्या भावाबरोबर कॉकेशसला गेला, दुसऱ्या वर्षी तोफखान्यात दाखल झाला आणि १८५६ अखेर चाकरीतून मोकळा झाला. म्हणजे ज्यांच्या हाती पुढे कथा लिहिण्याची लेखणी आली, त्यांच्या हातांनी आधी हजेरीपट, दाणावैरणीचे हिशेब आणि वरिष्ठांस पाठवावयाचे अहवाल लिहिलेले असत.

टॉलस्टॉयच्या सेवास्तोपोलविषयक तीन कथाचित्रांकडे या दृष्टीने पाहावे. डिसेंबर महिन्याचे पहिले चित्र १८५५ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाले आणि नव्या झारलाही ते आवडले. त्याने त्याचे फ्रेंचमध्ये भाषांतर करण्याचा हुकूम दिला. मे महिन्याचे दुसरे चित्र आले आणि तपासनिसाने त्याची इतकी काटछाट केली, की मूळ लेखन ओळखू येऊ नये. दोहोंत फरक काय पडला? पहिल्यात लेखक वाचकाला हाताशी धरून रुग्णालयातून चौथ्या बुरुजापर्यंत नेतो आणि सामान्य शिपायाचे धैर्य दाखवितो. दुसऱ्यात तो अधिकाऱ्यांच्या मनात शिरतो. आणि तेथे त्याला आढळतो तो मुख्यतः दिखाऊपणा. कोण कोणाबरोबर रस्त्याने फिरताना दिसला, कोणाला पदक मिळेल, कोणाची बढती होईल, या चिंता तोफांच्या माऱ्यातही सुटत नाहीत. त्याच चित्रात एक तोफगोळा जमिनीवर पडून गरगर फिरतो आणि त्याची वात जळत असते. जवळ दोन अधिकारी पालथे पडलेले. गोळा फुटतो. एकाला वाटते आपण मेलो. त्याला केवळ खरचटलेले असते. दुसऱ्याला वाटते आपणांस जरासा मुका मार बसला. तो त्याच क्षणी मेलेला असतो. त्या रात्रीच्या अहवालात या घटनेची नोंद कशी झाली असती? एक मृत, एक किरकोळ जखमी. ही नोंद खोटी म्हणता येणार नाही. परंतु त्या दोन माणसांच्या मनांतून त्या एका पळात जे गेले, त्याला तिच्यात जागा नाही.

'युद्ध आणि शांती'तील कॅप्टन तुशिनचा प्रसंग तर चाकरीत केस पांढरे केलेल्या प्रत्येकाने मुद्दाम पुन्हा वाचावा असा आहे. १८०५ च्या शेन्ग्राबेनच्या लढाईत या लहानखुऱ्या, बावळट दिसणाऱ्या कॅप्टनच्या तोफा मध्यभागी उभ्या असतात. संरक्षणासाठी दिलेले पायदळ केव्हाच निघून गेलेले. माघारीचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. तो लढत राहतो, आणि त्याच्यामुळेच सैन्य वाचते. सायंकाळी सेनापतीसमोर त्याला विचारतात: दोन तोफा मागे का टाकल्या? संरक्षक तुकडी जाग्यावर नव्हती, एवढे सांगितले असते तरी तो सुटला असता. परंतु दुसरा एखादा अधिकारी आपल्यामुळे अडचणीत येईल म्हणून तो गप्प राहतो आणि चूक केलेल्या शाळकरी मुलासारखा सेनापतीच्या तोंडाकडे बघत राहतो. अखेर प्रिन्स आंद्रे त्याची बाजू मांडतो. चौकशीच्या टेबलापुढे खरे काम करणारा माणूस मुका होतो आणि ज्याला बोलण्याची कला साधली आहे तो तरतो, हे टॉलस्टॉयने कोठल्या ग्रंथात वाचले असेल असे आम्हांस वाटत नाही. वर उल्लेखिलेल्या लेखात तो म्हणतो, की लढाईनंतर एकदोन दिवसांत, अहवाल लिहिले जाण्यापूर्वी, शिपायांत हिंडून विचारावे. जे ऐकू येईल ते विस्कळीत, गुंतागुंतीचे, अस्पष्ट, पण जिवंत असते. एकदा अहवाल वर गेला, की लोक स्वतःची आठवणही त्याच्या साच्यात घालून सांगू लागतात. हा शेवटचा मुद्दा आम्हांस फार मोलाचा वाटतो. अहवाल वरिष्ठांची दिशाभूल करतो हे सर्वांनाच ठाऊक असते. तो लिहिणाऱ्याची स्मृतीही हळूहळू पुसून टाकतो, हे मात्र क्वचित ध्यानात येते.

गार्शिनने हेच सत्य अगदी आखूड कथेत सांगितले. १८७७ च्या तुर्की युद्धात तो स्वेच्छेने पायदळात भरती झाला, ऑगस्टमध्ये जखमी झाला आणि त्याच वर्षी त्याची 'चार दिवस' ही कथा प्रसिद्ध झाली. तिचा आधार त्याच्याच पलटणीत घडलेल्या एका घटनेचा होता. जखमी होऊन मागे राहिलेला शिपाई चार दिवस रणांगणात पडून असतो. शेजारी शत्रूपक्षाच्या शिपायाचे प्रेत, ज्याला यानेच संगिनीने मारलेले. आणि त्याच मृताच्या कमरेच्या बाटलीतील पाण्यावर हा जगतो. पलटणीच्या कागदांत अशा माणसाचे नाव बेपत्ता म्हणूनच राहावयाचे. त्या एका शब्दाच्या आत चार दिवस आणि चार रात्री असू शकतात, एवढेच गार्शिन दाखवितो.

आता कुप्रिन. घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांस हा लेखक सर्वांत जवळचा वाटेल असे आम्ही म्हणतो, याचे कारण त्याच्या 'द्वंद्वयुद्ध' या कादंबरीत युद्ध मुळीच नाही. कुप्रिनने १८९० ते १८९४ ही चार वर्षे नैर्ऋत्य सीमेकडील प्रोस्कुरोव्ह या गावी पायदळाच्या पलटणीत काढली. चाकरी सोडल्यावर अकरा वर्षांनी, १९०५ साली, रशियाचे आरमार त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानकडून बुडविले जात असतानाच ही कादंबरी बाहेर पडली. तीत आहे ते एका आडगावच्या छावणीतील जीवन: रोजची कवाईत, वरिष्ठांची पाहणी जवळ आली की उडणारी धांदल, संध्याकाळचे पत्ते आणि मद्य, तीच तीच माणसे, त्यांच्या बायकांतील मानापमान. नायक रोमाशोव्ह हा तरुण, स्वप्नाळू दुय्यम अधिकारी. मोठ्या पाहणीच्या वेळी दिवास्वप्नात दंग होऊन चालत राहतो आणि आपल्या तुकडीची रांग विसकटून बसतो. शुरोच्का ही दुसऱ्या एका अधिकाऱ्याची बुद्धिमान पत्नी. नवऱ्याने राजधानीतील लष्करी अकादमीची प्रवेशपरीक्षा उतरावी आणि या गावातून आपली एकदाची सुटका व्हावी, या एकाच ध्यासाने ती झपाटलेली आहे. नवरा दोनदा नापास झालेला. तो तिसऱ्यांदा बसावा, त्याच्या नावाला बट्टा लागू नये, यासाठी ती रोमाशोव्हला, द्वंद्वात कोणालाही इजा होणार नाही, असा भरवसा देऊन मृत्यूच्या तोंडी पाठविते.

बदलीचा ध्यास माणसाचे काय करू शकतो याचे इतके निर्दय चित्रण आमच्या वाचनात दुसरे नाही. आणि तरीही कुप्रिन शुरोच्काचा द्वेष करीत नाही. ती ज्या खोलीत कोंडली गेली आहे त्या खोलीकडे तो बोट दाखवितो. याच कादंबरीत ख्लेब्निकोव्ह नावाचा एक शिपाई आहे. मारहाणीने आणि हेटाळणीने खचलेला तो जीव द्यावयास रात्री रेल्वेच्या रुळांकडे निघतो, आणि तेथे त्याची रोमाशोव्हशी गाठ पडते. अधिकारी शिपायाला मिठी मारतो. आजवर आपण या माणसांना केवळ संख्या म्हणून ओळखत होतो, हे त्याला त्या क्षणी उमगते. कादंबरीचा केंद्रबिंदू आमच्या मते येथे आहे, द्वंद्वात नाही.

द्वंद्व तर आपणांस दिसतच नाही. कादंबरीचे शेवटचे प्रकरण म्हणजे पलटणीच्या प्रमुखास सादर केलेला एक अहवाल आहे! अमुक वाजता, अमुक ठिकाणी, अमुक अंतरावरून. गोळी कोठे लागली, मृत्यू किती मिनिटांनी आला. नेमका, निर्विकार, निर्दोष मजकूर. शुरोच्काची रात्रीची भेट त्यात नाही, तिने दिलेला भरवसा नाही, रुळांजवळची मिठी नाही. शेकडो पृष्ठे ज्याच्या मनात आपण राहिलो, तो माणूस एका कागदात मिटविला जातो आणि कादंबरी संपते. लेखकाने स्वतः तसले कागद लिहिले नसते, तर हा शेवट त्याला सुचता ना.

हीच परंपरा पुढील शतकातही खंडित झाली नाही. बाबेल १९२० साली बुद्योन्नीच्या घोडदळाबरोबर सैनिकी वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून गेला, आणि 'लाल घोडदळ' या १९२६ च्या संग्रहातील काही कथा त्याने अर्धशिक्षित सैनिकांची पत्रे व जबान्या यांच्या रूपातच लिहिल्या. परंतु भिलाईत बसून लिहिताना आम्हांस अधिक जवळचा वाटतो तो व्हिक्टर नेक्रासोव्ह. त्याचे शिक्षण वास्तुशिल्पाचे. युद्धात तो अभियंता-अधिकारी झाला आणि स्टालिनग्राडच्या खंदकांत सुरुंग पेरण्याचे काम करू लागला. त्याची 'स्टालिनग्राडच्या खंदकांत' ही कादंबरी १९४६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मोठ्या घोषणा नाहीत. कुदळी-फावडी किती आली, सुरुंग किती शिल्लक आहेत, रात्रीतून किती काम उरकेल, अशा गणितांत तिचा निवेदक गुंतलेला असतो. एका हटवादी अधिकाऱ्याच्या हुकुमावरून उघड्या मैदानातून निरर्थक हल्ला होतो आणि माणसे मरतात. त्या अधिकाऱ्याची चौकशीही होते. सरकारने १९४७ साली या पुस्तकाला स्टालिन पारितोषिक दिले. त्याच लेखकाला पुढे १९७४ साली देश सोडावा लागला आणि १९८७ साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. सत्य सांगणाऱ्या लेखनाचे सत्काराने काही काळ रक्षण होते, सदैव होत नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या वर्षांत येथे आलेल्या रशियन अभियंत्यांत जे पस्तीस-चाळीस वर्षांचे होते, ते १९४१ साली ऐन विशीच्या आसपासचे असणार. म्हणजे नेक्रासोव्हच्या पिढीचीच, किंवा तिच्या पाठची, ही माणसे. भट्टीच्या तापमानाविषयी, विटांच्या अस्तराविषयी, वेळापत्रकाविषयी त्यांच्याशी आपल्या लोकांची रोज बोलणी होत असत. त्या बोलण्यांची टिपणे आणि इतिवृत्ते निघाली असतील. परंतु भट्टीपुढे उभ्या असलेल्या त्या माणसाला वितळलेल्या लोखंडाचा झोत पाहून दुसरी एखादी आग आठवत होती काय, हे कोणत्या इतिवृत्तात सापडावयाचे? ते एखाद्या मराठी कथेत सापडावयास हवे होते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

येथे आपल्या वाङ्मयाचा विचार अपरिहार्य होतो. शौर्याचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यापर्यंत लढल्या. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. परंतु तलवार आणि लेखणी आपल्याकडे बहुधा वेगवेगळ्या घरांत राहिल्या. बखरकार लिहीत, ते पुष्कळदा धन्याच्या आज्ञेवरून; त्यामुळे बखर ही वाङ्मयीन गुणांनी कितीही नटली तरी अहवालाच्या कुळातलीच राहिली. याला एक लखलखीत अपवाद आहे, तो नाना फडणिसांच्या आत्मवृत्ताचा. १७६१ साली पानिपतावर असलेला एकोणीस वर्षांचा हा तरुण आपण कसे पळालो, कसे उपाशी हिंडलो, आई कशी अंतरली, हे आडपडदा न ठेवता सांगतो. ज्याने पुढे उभी हयात दौलतीचे कागद सांभाळण्यात घालविली, त्याने स्वतःच्या भयाविषयी असे लिहून ठेवावे, ही मराठी गद्यातील सामान्य घटना नव्हे. दुर्दैवाने त्या वाटेने पुढे फार कोणी गेले नाही.

साध्या शिपायाला अक्षरओळख झाली ती पुष्कळ अंशी लष्करातील शाळांमुळे. सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले, आणि महारांची बंद झालेली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली अर्ज सिद्ध केला. ज्यांना माणूस म्हणून उभे राहण्यासाठीच अर्ज करावा लागत होता, त्यांना कथा लिहिण्याची उसंत कोठून मिळावी? रशियन अधिकारी अहवालाला कंटाळून कथेकडे वळला. आपल्या शिपायाला अर्जच आधी पुरा करावा लागला. हा भेद विसरून आपल्या वाङ्मयाला दरिद्री म्हणणे अन्यायाचे होईल. नंतरच्या काळात कॅप्टन गो. गं. लिमये यांच्या 'सैन्यातील आठवणी'सारखी पुस्तके आली. पण आठवण आणि कथा यांत अंतर आहे. आठवण सांगणारा स्वतःला जपतो. कथाकाराला तसे करता येत नाही.

चाकरीतून मराठीत खरीखुरी कथा निर्माण होऊच शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. प्रशासनात अधिकारी असलेल्या विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ साली आली आणि दुसऱ्या वर्षी तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. धरणाखाली गाव गेलेली माणसे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितात, त्यांच्या नावाच्या नस्त्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहतात. त्या नस्त्यांत जे मावले नाही ते त्या कादंबरीत आहे. तेथे तोफ नाही, बुरूज नाही. तरीही तिचे नाते आम्ही तुशिनच्या चौकशीशी आणि कुप्रिनच्या शेवटच्या प्रकरणाशी जोडतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की अनुभव म्हणजे प्रतिभा नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. रशियन सैन्यात सहस्रावधी अधिकारी होऊन गेले. टॉलस्टॉय एकच झाला. चाकरी लेखक घडवीत नाही. लेखकाला ती केवळ एक विशिष्ट प्रकारचे सत्य दाखविते. दुसरा आक्षेप व्यवहाराचा. चाकरीत असताना लिहावयाचे कसे? नियम आहेत, गोपनीयता आहे, वरिष्ठांची नाराजी आहे. याला कुप्रिनचे उत्तर पुरेसे आहे. तो अकरा वर्षे थांबला. शिवाय ज्या सत्याविषयी आम्ही बोलत आहोत, त्याला कोणताही गोपनीय कागद उघड करावा लागत नाही. ख्लेब्निकोव्हची मिठी कोणत्याही नस्तीत नव्हती.

परमुलखात नेमणुकीवर असलेल्या आपल्या मंडळींचे लेखन आम्ही आस्थेने वाचीत आलो आहो. त्यात कोकणातील पाऊस असतो, पुण्यातील वाडा असतो, दिवाळीच्या फराळाची आठवण असते. ही ओढ खरी आहे आणि तिच्याविषयी आम्ही अनादराने बोलणार नाही. आम्हीही तीच बाळगून आहो. परंतु ज्या ठिकाणी आपण वयाची तीस-तीस वर्षे काढतो, त्या ठिकाणाविषयी आपले साहित्य मुके का? सेक्टरांच्या सरळ रस्त्यांखाली ज्यांची शेते गेली ती छत्तीसगढी माणसे, राजहऱ्याच्या खाणीतून खनिज आणणाऱ्या गाड्या, रात्रपाळी संपवून परतणारे कामगार, आणि ज्याच्या सहीने कोणाचे तरी भवितव्य एका ओळीत ठरते तो आपल्यापैकीच एखादा अधिकारी: हे सारे आपण रोज पाहतो, त्यावर टिप्पणी लिहितो, आणि कागद पुढे पाठवितो.

टॉलस्टॉयची हळहळ येथे आठवावी. त्याने ते अहवाल उतरवून घेतले नाहीत. पण अहवाल लिहिले जाण्यापूर्वी शिपाई काय बोलत होते ते तो विसरला नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून कागद केव्हाच पुढे गेलेले आहेत, आणि निवृत्तीनंतर ते पुन्हा पाहावयास मिळणार नाहीत. कागदात जे लिहिले नाही तेवढेच आपल्याजवळ राहणार आहे. तेही अहवालाच्या साच्यात बसून जाण्यापूर्वी कोणीतरी लिहावयास बसावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.